अळवाची ओळख कोण सांभाळतं?

(वार्षिक स्मृतिव्याख्यानाचा मजकूर. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



ज्या बाईंच्या स्मरणार्थ हे व्याख्यान होतं, त्यांनी आयुष्यभर वनस्पतिशास्त्र शिकवलं. म्हणून विषय झाडाचाच हवा, हे उघड होतं. वड, पिंपळ, आंबा अशी मातब्बर मंडळी बाजूला ठेवून मी मोरीच्या सांडपाण्यावर पोसलेलं अळू निवडलं. विषय कळवल्यावर पलीकडून प्रश्न आला, "म्हणजे तासभर फदफद्यावर?" फदफद्यावरही बोलणार आहे. पण मुख्यतः एकच गोष्ट मांडायची आहे. अळूचं रोप आणि त्या रोपाची माहिती जोडीने राहिली, तरच ते पीक. माहिती गेली की तेच रोप गवतात जमा होतं, आणि रोप गेलं की माहिती निरुपयोगी ठरते. ही जोडी हजारो वर्षं घरच्या माणसांनी, त्यातही बहुतकरून बायकांनी, सांभाळली. आज ती सुटत चालली आहे.

आधी झाडाविषयी. अळूचं शास्त्रीय नाव कोलोकेशिया एस्क्युलेंटा. लिनियसने १७५३ मध्ये त्याला 'एरम' या प्रजातीत बसवलं होतं. पुढे व्हिएन्नाच्या हाइनरिख शॉट यांनी १८३२ मध्ये आजचं नाव दिलं. कूळ ॲरेसी, म्हणजे आपल्या भाषेत सुरणाचं कूळ. जगभरात या कुळात तीन हजारांहून जास्त जाती आहेत. सुरण, पहिल्या पावसात उगवणारं शेवळं, घाटमाथ्यावर फणा काढून उभा राहणारा सापकांदा, झाडाच्या बेचक्यात वाढणारं रुखाळू, दिवाणखान्यातला मनी प्लांट आणि पुष्पगुच्छातलं अँथुरियम ही सगळी एका घरची भावंडं. ओळखीची खूण फुलोऱ्यात असते. मधे एक जाडसर दांडा, त्यावर चिकटलेली बारीक फुलं आणि भोवती एकच गुंडाळलेलं आवरण.

अळू बहुवर्षायू आहे. पानं झडली तरी जमिनीत कंद शिल्लक राहतो आणि पाऊस लागला की पुन्हा कोंब काढतो. मूळ कंदाच्या अंगाला छोटे कंद धरतात, त्या अळकुड्या. बाजारात त्यांना अरवी म्हणतात. काही वाणांत सगळं बळ एका मोठ्या कंदात जातं, काहींत ते अळकुड्यांत वाटलं जातं, तर काही वाण आपण केवळ पानांसाठी लावतो. घराघरांतलं भाजीचं अळू वेगळं आणि जांभळट देठाचं वडीचं अळू वेगळं. विदर्भात याच पानांना चमकुरा किंवा धोपा म्हणतात, गोव्यात पावसाळ्यात उगवणारं तेरें याच गोतातलं.

आता एक पान हातात घ्या. देठ पानाच्या काठाला जोडलेला नसतो, काठापासून थोडा आत, पाठीमागून येऊन चिकटतो. सोसायट्यांच्या बागांत शोभेसाठी लावलेली अळूसारखी दिसणारी काही झाडं असतात, त्यांतल्या अनेकांच्या पानाची खाच थेट देठापर्यंत पोचते. ही खूण उपयोगी आहे, पण ती पुरेशी नाही. देठ आत जोडलेलं प्रत्येक पान खाण्याजोगं असतंच असं नाही, आणि माझ्या आजच्या बोलण्याचं मूळ इथेच आहे.

पानावर पाणी टाकलं तर ते पसरत नाही. थेंब गोल होऊन घरंगळतो आणि जाताना धूळ घेऊन जातो. पानाच्या पृष्ठभागावर सूक्ष्म उंचवटे असतात आणि त्यांवर मेणाचे बारीक कण असतात. त्यामुळे थेंब त्या उंचवट्यांच्या टोकांवरच तरंगतो. जर्मनीत विल्हेल्म बार्थलॉट आणि ख्रिस्टोफ नाइनहुइस यांनी १९९७ मध्ये कमळाच्या पानाच्या या स्वच्छतेवर गाजलेला निबंध लिहिला. त्यात तपासलेल्या पानांत अळूही होतं. आपल्याकडे क्षणभंगुर गोष्टीला अळवावरचं पाणी म्हणणाऱ्या माणसाने हे पान नीट पाहिलेलं होतं, एवढंच इथे म्हणतो. पहाटे याच पानाच्या टोकाला जो थेंब लोंबतो, तो मात्र दव नसतो. रात्री मुळांनी जास्तीचं ओढलेलं पाणी झाड टोकाशी असलेल्या रंध्रांतून बाहेर टाकतं. दमट रात्री अळू हे काम इतकं जोरात करतं, की एका मागून एक थेंब पडताना दिसतात.

आता खाजेकडे येतो. देठाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, की काही पेशींमध्ये सुयांच्या जुड्या दिसतात. त्या कॅल्शियम ऑक्झलेटच्या स्फटिकांच्या सुया. बहुतेक सुया मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास लांब, दोन्ही टोकांना अणकुचीदार. पेशी फुटली की त्या जिभेत, घशात, हाताच्या त्वचेत शिरतात. पण नुसत्या टोचण्याने एवढी आग होत नाही. ब्रॅडबरी आणि निक्सन यांनी १९९८ मध्ये दाखवून दिलं, की या सुयांबरोबर प्रथिनांचं विघटन करणारं एक विकर असतं. सुई त्वचेला भोक पाडते आणि विकर आत जातं. शिजवल्यावर सुया विरघळत नाहीत, त्या तशाच राहतात. उष्णतेने निकामी होतं ते विकर. म्हणून अळू शिजवण्यात कसूर केली, की जेवणाऱ्यांचे घसे धरतात.

आपल्या स्वयंपाकघरांनी ही गोष्ट सूक्ष्मदर्शकाविना हेरली होती. वडी करणाऱ्या बाईचे हात पाहा. आधी हाताला तेल. मग पान पालथं घालून पाठीवरच्या जाड शिरा सुरीने तासायच्या, नाहीतर लाटणं फिरवून दाबायच्या. सगळ्यांत मोठं पान खाली. त्यावर चिंच-गुळात कालवलेलं बेसन पातळ थापायचं, वर दुसरं पान उलट्या टोकाने, असे तीन-चार थर. दोन्ही कडा आत दुमडून घट्ट वळकटी आणि मग भरपूर वाफ. वाफेत कमी पडली तर तळून भरून येत नाही, हे सासूने सुनेला सांगितलेलं असतं. फदफद्यात देठ सोलून घ्यायचे, पानं शिजवून घोटायची, चिंच घालायची. जोडीला हरभऱ्याची डाळ, शेंगदाणे, खोबऱ्याचे काप. गोव्यात तेऱ्याच्या भाजीत आंबाडे पडतात. ठाणे-रायगडाकडे शेवळाच्या भाजीला काकडं लागतात. नीट शिजवणं हे मूळ काम आणि आंबट त्याच्या जोडीला, ही रीत या कुळाच्या सगळ्या भाज्यांना लागू आहे. पॅसिफिकच्या बेटांवर चिंच नव्हती. तिथे पानं तासन्‌तास शिजवतात आणि नारळाचं दूध घालतात.

पण शिजवणं हा अर्धाच उपाय. दुसरा अर्धा निवडीचा. सगळं अळू सारखं खाजत नाही. कुणीतरी कधीतरी दहा झाडांतलं कमी खाजणारं एक ओळखलं, त्याची अळकुडी घरी आणून लावली. आणि इथे झाडाचा स्वभाव माणसाच्या मदतीला आला. अळूला फूल येतं, पण लागवडीतल्या अनेक वाणांत ते क्वचितच दिसतं. फुलोऱ्यात खाली मादीफुलं आणि वर नरफुलं असतात. आशियात ठरावीक जातीच्या बारीक माश्या त्या फुलोऱ्यात वाढतात आणि परागण करतात. मात्र लागवडीसाठी बी कुणी वापरत नाही. कित्येक वाणांना बी धरणंच शक्य नाही. साधारण अळूच्या पेशीत २८ गुणसूत्रं असतात, काही वाणांत ती ४२ म्हणजे तिप्पट संचाची आहेत, आणि असे वाण वांझच असतात. कंद तोडून लावला की नवं झाड आईची हुबेहूब नक्कल. बियांपासून वाढवलं असतं, तर कमी खाजण्याचा गुण पुढच्या पिढीत टिकेल याची खात्री नव्हती. कंदाने ती खात्री दिली.

याची किंमतही आहे. जे झाड बियांनी पसरत नाही, ते माणसाच्या हातांनीच पसरतं. लेक सासरी जाताना, शेजारीण शेजारणीला, पाहुणा निघताना, असं अळू आजवर फिरलं. विकत घेण्याइतकं ते महाग कधी नव्हतं. पण नुसता कंद देऊन भागत नाही. "हे भाजीचं, वडीला नको", "याला चिंच जास्त लागते", "पावसाळा संपला की याची पानं खाऊ नका", असं एखादं वाक्य बरोबर द्यावं लागतं. कंदावर लेबल नसतं. दोन वाण शेजारी उपटून ठेवले, तर जाणकारालाही पानं फुटेपर्यंत ते वेगळे ओळखू येत नाहीत. देणाऱ्याचं ते वाक्य हेच लेबल.

ही रीत किती जुनी आहे? सॉलोमन द्वीपसमूहातल्या बुका बेटावर किलू नावाची गुहा आहे. तिथल्या सुमारे अठ्ठावीस हजार वर्षांपूर्वीच्या दगडी हत्यारांवर अळूचे स्टार्चकण सापडले. त्या काळी शेती नव्हती, तेव्हा ती माणसं अळू खणून, खरवडून खात असणार. पापुआ न्यू गिनीच्या डोंगराळ भागातलं कूक हे दलदलीचं ठिकाण २००८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेलं. तिथे हजारो वर्षांपूर्वी खणलेले पाण्याच्या निचऱ्याचे चर आहेत, आणि हत्यारांवर पुन्हा अळूचा स्टार्च. भात-गहू यांच्या इतिहासाला आपण शेतीचा इतिहास समजतो. त्यांच्याइतकाच जुना कंदांचा इतिहासही आहे. कंद कुजतो, कोठारात साठत नाही, राजाला सारा म्हणून देता येत नाही. त्यामुळे तो शिलालेखांत आणि ताम्रपटांत फारसा आला नाही.

होड्यांतून पॅसिफिक ओलांडणाऱ्या लोकांनी अळूचे कंद बरोबर नेले. पश्चिमेला ते आफ्रिकेत आणि भूमध्य समुद्राच्या काठी गेलं. इजिप्तमधले कॉप्टिक ख्रिस्ती जानेवारीतल्या एका सणाला ते आवर्जून खातात. जपानच्या यामागाता भागात शरद ऋतूत नदीकाठी त्याची आमटी रांधतात. आज सर्वांत जास्त अळूकंद पिकवणारा देश नायजेरिया आहे. पण जितकं दूर, तितके वाण कमी. प्रत्येक होडीत थोडेच कंद मावणार, प्रत्येक बेटावर त्यांतले थोडेच जगणार. आशियातलं अळू आणि पॅसिफिकमधलं अळू असे दोन वेगळे जनुकीय गट अभ्यासकांना दिसतात, आणि पूर्वेकडच्या बेटांवर विविधता तोकडी पडत जाते.

त्या तोकडेपणाचा हिशेब सामोआला चुकवावा लागला. अळूकंद तिथलं रोजचं अन्न आणि निर्यातीचा मोठा माल. न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया, अमेरिकेत स्थायिक झालेले सामोअन लोक तो मागवत. १९९० आणि १९९१ च्या दोन चक्रीवादळांनंतर लोकांनी अळूची लागवड जोमाने केली आणि बहुतेकांनी एकच वाण निवडला. त्याचं नाव 'निउए'. चवीला उत्तम, बाजारात मागणी भरपूर. १९९३ मध्ये पानांवर तपकिरी, ओलसर ठिपके दिसू लागले. फायटोफ्थोरा कोलोकेशिए हा त्याचा कर्ता. १८४५ नंतर आयर्लंडमध्ये बटाटा संपवणाऱ्या रोगजंतूचा हा सख्खा नातलग. पावसाचे शिंतोडे आणि उबदार दमट रात्री मिळाल्या की तो झपाट्याने पसरतो. सगळीकडे एकच वाण, म्हणजे सगळ्यांची दुर्बलताही एकच. वर्षभरात निर्यात जवळजवळ थांबली.

या रोगाशी आपलं नातं जुनं आहे. जावामध्ये १९०० साली राचिबोर्स्की यांनी त्याचं वर्णन केलं आणि १९१३ मध्ये भारतातून त्यावर पहिला सविस्तर निबंध आला. लेखक होते ई. जे. बटलर आणि जी. एस. कुलकर्णी. म्हणजे भारतात हा रोग सामोआपेक्षा ऐंशी वर्षं आधीच नोंदला गेला होता. तरी आपल्याकडचं अळू सगळंच्या सगळं बुडालं नाही. याचं एक कारण, आपल्याकडे अळू एका वाणाचं आणि एका सलग शेतातलं नव्हतं. घराघरांत वेगवेगळं होतं.

सामोआ सावरला, पण दहा-पंधरा वर्षांनी. पलाऊ, मायक्रोनेशिया, फिलिपिन्स इथले रोग सोसणारे वाण आणले गेले. त्यांचा स्थानिक वाणांशी संकर केला, पुढे आशियाई वाणही त्यात आले. यातली महत्त्वाची गोष्ट प्रयोगशाळेत घडली नाही. सामोआतल्या अलाफुआच्या विद्यापीठाने शेतकऱ्यांचे गट केले आणि संकरित रोपं त्यांच्या हाती दिली. कोणतं ठेवायचं हे शेतकऱ्यांनी लावून, उकडून, चाखून ठरवलं. रोग न लागणं शास्त्रज्ञ मोजू शकत होते. चव, पोत, घशाला लागणं याचा निवाडा खाणाऱ्यांनीच करायचा होता.

हवाई बेटांवर वेगळं नाट्य घडलं. तिथे अळूला 'कालो' म्हणतात. तिथल्या उत्पत्तिकथेत आकाशदेव वाकेआचं पहिलं मूल मृत जन्मलं, ते पुरलं तिथे अळू उगवलं. दुसरं मूल म्हणजे पहिला माणूस. म्हणजे अळू हा माणसाचा थोरला भाऊ. थोरल्याने धाकट्याला पोसायचं आणि धाकट्याने थोरल्याची निगा राखायची. एके काळी तिथे शेकडो वाणांची नावं होती. १९३९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पुस्तिकेत वाणांचं वर्णन देठाचा रंग, पानाची कड, कंदाचा गाभा असं बारकाईने छापलं आहे, आणि आजही तिथले शेतकरी ती उघडून वाण पडताळतात. २००२ मध्ये हवाई विद्यापीठाने रोगप्रतिकारक अशा तीन संकरित वाणांवर पेटंट मिळवली. शेतकऱ्यांना ते वाण लावायचे तर परवाना आणि शुल्क. लोक उठले. थोरल्या भावाचं पेटंट कसं घेणार, असा त्यांचा सरळ सवाल होता. वॉल्टर रिट्टे यांच्यासारखे कार्यकर्ते आणि अळू पिकवणारे शेतकरी विद्यापीठाच्या दारात बसले. २००६ मध्ये विद्यापीठाने ती पेटंट सोडून दिली.

यावर कुणी म्हणेल, संशोधकांनी कष्ट केले, त्यांना मोबदला नको का? हवा. पण संकराला लागलेले आईबाप कुठून आले? ते पिढ्यान्‌पिढ्या दिले-घेतलेले वाण होते आणि त्यांची निवड कुणीतरी आपली जीभ खाजवून घेऊन केली होती. भारताच्या २००१ च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने हे काही अंशी मान्य केलं आहे. शेतकऱ्याला बियाणं राखण्याचा, देवाणघेवाण करण्याचा, विकण्याचाही हक्क आहे. आपण टिकवलेला वाण नोंदवताही येतो.

आता घरी परतू. महाराष्ट्रात अळू शेतापेक्षा परसात जास्त राहिलं. ऋषिपंचमीच्या भाजीत बैलाच्या कष्टाचं काही चालत नाही, तिथे अळूला हमखास जागा. ते नांगराचं पीक नव्हेच, न्हाणीच्या पाण्यावर आणि विहिरीच्या पाटाकडेला वाढणारं हातचं पीक. संस्था काम करत आहेत, नाही असं नाही. तिरुवनंतपुरमची केंद्रीय कंदपीक संशोधन संस्था १९६३ पासून आहे. तिच्या भुवनेश्वर केंद्राने करपा, म्हणजे सामोआत आला तोच रोग, सोसणारा 'मुक्ताकेशी' वाण दिला. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने पानांसाठी 'कोकण हरितपर्णी' आणला. पण मोठ्या शहरांत परस नाही. न्हाणीचं पाणी गटारात जातं. आणि गटाराच्या कडेने जे अळू माजतं, ते खाण्याजोगं नसतं, कारण हे झाड पाण्यातले जड धातूही आपल्यात साठवतं. घरचं अळू मंडईतल्या जुडीवर आलं आणि जुडीबरोबर ते वाक्य येत नाही. विकणाऱ्यालाही ते ठाऊक नसतं. गावातही आजी गेल्यावर विहिरीकडेला अळू उभं असतं, पण ते भाजीचं की रानातलं हे सांगणारं कुणी उरत नाही. एकदा खाल्लं, घसा धरला, की सगळ्याच झाडांवर कोयता फिरतो. असा एक वाण संपतो आणि त्याची कुठेही नोंद होत नाही.

उपाय मोठे नाहीत. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीने आणि नगरपालिकेने लोकजैवविविधता नोंदवही ठेवायची असते. माधव गाडगीळ यांनी या कल्पनेचा अनेक वर्षं पाठपुरावा केला. बऱ्याच नोंदवह्यांत अळू नुसतं 'अळू' म्हणून एका ओळीत येऊ शकतं. त्या ओळीचं एक पान करा. देठाचा रंग, पान वडीचं की भाजीचं, अळकुड्या धरतात का, खाज किती, किती वेळ शिजवायचं, कुणाकडून आलं. हवाईतल्या पुस्तिकेला याहून वेगळं काही साधायचं नव्हतं. महाविद्यालयांच्या वनस्पतिशास्त्र विभागांनी आपल्या आवारात आसपासच्या गावांतले वाण लावावेत, प्रत्येकाशेजारी देणाऱ्या घराचं वाक्य लिहावं. पाटी लॅटिन नावाची असायला हरकत नाही, पण तेवढ्याने भागत नाही. सामोआत चाखणाऱ्यांना सोबत घेतल्यावर काम मार्गी लागलं, हे आपल्या कृषी विद्यापीठांनीही ध्यानात ठेवावं. वाणाच्या चाचणीत किलो मोजणाऱ्याइतकाच फदफदं घोटणारीचा शब्द चालला पाहिजे.

आणि तुमच्यापैकी ज्यांच्या दारात, गच्चीवर किंवा गावच्या घरी अळू आहे, त्यांना एक विनंती. या पावसाळ्यात त्याच्या अळकुड्या किमान दोन घरी द्या. वाण एकाच घरी असेल तर तिथल्या रोपावर रोग पडला, की तो जातो. दोन घरं असली तर एक वाचतं. देताना त्याबद्दल जे जे माहीत आहे ते कागदावर लिहून द्या. माहीत नसेल, तर घरातल्या ज्या व्यक्तीला माहीत आहे तिला आजच फोन करा. कायदा तुम्हाला देण्याघेण्याचा हक्क देतो, विद्यापीठ नवा वाण देऊ शकतं. पण तुमच्या विहिरीकडचं कुठलं पान वडीला चालतं, हे त्या व्यक्तीखेरीज दुसरं कुणीही सांगू शकणार नाही.